गुळवेलीचं सत्त्व आणि आठ साखरा

कडुनिंबावर चढलेली गुळवेल बीड जिल्ह्यात शोधत हिंडावं लागत नाही. शेताच्या बांधावर, पडक्या वाड्याच्या भिंतीवर, शाळेच्या कुंपणाला ती लोंबकळत असते, दोऱ्यासारख्या मुळ्या खाली सोडून. अंगठ्याएवढ्या जाड वेलीची कागदासारखी तपकिरी साल नखाने खरवडली की आत हिरवं अंग दिसतं, आणि आडवा काप घेतला तर बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या.

तिचं सत्त्व काढायची रीत अजून बऱ्याच घरांत माहीत आहे. बोटभर लांबीचे तुकडे करून ठेचायचे, रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी हाताने चांगले चोळून फडक्यातून गाळायचे आणि ते पाणी न हलवता तसंच राहू द्यायचं. काही तासांनी हिरवट, कडूजार पाणी वर राहतं आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, थर वाळवायचा. हाताला लागते ती मऊ, पांढरी, जवळजवळ बेचव भुकटी. ओल्या वेलीच्या ढिगातून ती निघते जेमतेम काही चमचे, म्हणून तिला भावही असतो आणि मानही.

या भुकटीवर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला तर ती निळीकाळी होते. शाळेत बटाट्याच्या फोडीवर केलेला तोच प्रयोग. कारण सत्त्वाचा मोठा भाग हा स्टार्च असतो, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या असंख्य मण्यांची माळ. वेलीतली कडू द्रव्यं बहुतेक त्या ओतलेल्या पाण्याबरोबर मोरीत गेलेली असतात.

म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी म्हणून चमचा-चमचा जपून घेतलेली ती वस्तू रसायनशास्त्राच्या हिशेबात साखरेच्या घराण्यातली. च्यवनप्राशाची गोष्टही फार वेगळी नाही. चरकसंहितेतल्या कृतीत पाचशे आवळ्यांना अर्धी तुला साखर सांगितली आहे, आणि आजच्या बाजारातल्या बरणीतही साखर हा मोठा घटक असतोच. ३१ मार्च २०२० रोजी, करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, केंद्राच्या आयुष मंत्रालयाने लोकांना सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश घ्यायला सांगितलं तेव्हा मधुमेह्यांसाठी बिनसाखरेचा घ्या, अशी पुस्ती जोडावी लागली ती उगाच नाही.

साखरेच्या घराण्यातल्या पदार्थांनी धडधाकट माणसाची प्रतिकारशक्ती वाढते का? प्रश्न साधा वाटतो. त्याचं खरं उत्तर काढायला मात्र किती खटाटोप लागतो, हे महाराष्ट्रातल्याच दोन-चार कामांवरून चांगलं कळतं.

आधी साखरेची बाजू घेऊ, कारण ती घेण्यासारखी आहे. साखर म्हणजे चहात टाकायची तेवढीच नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या लहानमोठ्या साखळ्यांची लव असते आणि पेशी एकमेकींना बऱ्याच अंशी त्या लवेवरून ओळखतात. आपला रक्तगट ही साखरेचीच खूण आहे: ए गटाच्या लाल पेशीवर साखळीच्या टोकाला एक साखर, बी गटाच्या पेशीवर दुसरी, आणि ओ गटात ती टोकाची जागा रिकामी. रक्त चुकीचं चढवलं तर माणूस दगावू शकतो तो एवढ्याशा फरकामुळे. प्रतिकारशक्तीला साखर कळते, याचा याहून ढळढळीत पुरावा नको.

या ओळखीच्या विद्येत मुंबईचं नाव कायमचं कोरलेलं आहे. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्याच रक्तप्रकाराची नोंद केली. ही माणसं तपासणीत ओ गटाची वाटत. पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. त्यांच्या लाल पेशींवर फ्युकोज नावाची साखर बसलेलीच नव्हती. जगभर हा ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो; शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं बदललं नाही. या लोकांची प्रकृती एरवी उत्तम असते. आणि त्यांनी फ्युकोजची पोतीच्या पोती खाल्ली तरी रक्तगट बदलणार नाही, कारण उणीव साखरेची नसून ती साखर पेशीवर बसवणाऱ्या विकराची आहे. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा. पुढे लागणार आहे.

आता प्रतिकारशक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साखरांच्या डब्याकडे येऊ. पेशीवरच्या या साखळ्यांत प्रामुख्याने आठ साखरा आढळतात, असं ‘हार्पर’च्या जीवरसायनशास्त्राच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात १९९०च्या दशकात छापलं गेलं. बरोबरच होतं ते. पण अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी त्याचं केलं ‘आठ आवश्यक साखरा’. आढळणं आणि आवश्यक असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अमुक जीवनसत्त्व आवश्यक आहे म्हणजे ते शरीर बनवू शकत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. या आठ साखरांचं तसं नाही. ज्वारीच्या भाकरीतल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं आणि त्या एका ग्लुकोजपासून बाकीच्या सातही साखरा पेशी घरच्या घरी घडवतात. केजच्या किंवा धारूरच्या चुलीवर भाजलेल्या भाकरीला हे साधतं. त्यासाठी परदेशी डबा उघडावा लागत नाही.

टेक्सासमधल्या मॅनाटेक कंपनीची ‘अँब्रोटोज’ ही भुकटी या बाजारातली सर्वांत गाजलेली. ‘ग्लायकोन्यूट्रिएंट’ हा भारदस्त शब्द तिच्याबरोबरच घरोघर पोहोचला. साखळी पद्धतीने, म्हणजे एका ग्राहकाने पुढचे ग्राहक जोडत, ती विकली जायची. त्या भुकटीत होतं काय? कोरफडीच्या गरातली बहुशर्करा, लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातून काढलेलं अरॅबिनोगॅलॅक्टन, ट्रॅगॅकँथ नावाचा डिंक आणि गम घट्टी. यातला गम घट्टी म्हणजे आपल्या धावड्याचा डिंक! बाळंतिणीला डिंकाचा लाडू भरवणाऱ्या घरांना या यादीत नवल वाटावं असं फारसं काही नव्हतं, किंमत सोडून.

विक्रेत्यांची जीभ मात्र लाडवापाशी थांबली नाही. कर्करोगापासून डाऊन सिंड्रोमपर्यंत कशावरही ही भुकटी चालते असं सांगितलं जात असल्याचा ठपका ठेवून टेक्सासचे तेव्हाचे महाधिवक्ता ग्रेग अ‍ॅबट यांनी जुलै २००७ मध्ये कंपनीवर खटला भरला. फेब्रुवारी २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला: ग्राहकांना परत करण्यासाठी ४० लाख डॉलर, आणि संस्थापकाने भरायचा १० लाख डॉलरचा दंड वेगळा. साखरेच्या साखळ्यांवरच आयुष्य घालवलेल्या रोनाल्ड श्नार आणि हडसन फ्रीझ या दोन शास्त्रज्ञांनी याच सुमारास आपल्या विद्याशाखेच्या नियतकालिकात या प्रकाराला सरळ ढोंग म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की वनस्पतींच्या या बहुशर्करा फोडणारी विकरं माणसाच्या लहान आतड्यात नसतातच. त्या न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात. पेशीवर साखर बसवण्याचा कारखाना यात कुठे आलाच नाही.

गंमत अशी की याच फ्रीझ यांनी साखर औषध म्हणून वापरण्याचा पुरस्कारही केला आहे. एका दुर्मीळ जन्मजात आजारात मॅनोज ही साखर बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर बिघडलेलं असतं. अशा मुलाला तोंडावाटे मॅनोज दिलं की तब्येत सुधारते, हे १९९८ मध्ये जर्मनीत दाखवलं गेलं. तिथे नेमकी तीच साखर कमी होती. ज्याच्या अंगात ती मुळात पुरेशी आहे त्याला तीच देऊन काय होणार? भरलेल्या हौदात आणखी एक घागर.

पण एवढ्यावर डबा बाद ठरत नाही, हेही मान्य करायला हवं. मोठ्या आतड्यातले जिवाणू या न पचलेल्या बहुशर्करांपासून आम्लं बनवतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोठी छावणी आतड्यालगतच असते. यीस्टच्या भिंतीतली बीटा-ग्लुकन ही बहुशर्करा तर पांढऱ्या पेशींना थेट ओळखता येते, कारण बुरशीचा हल्ला ओळखायची ती त्यांची खूणच आहे. तेव्हा परिणाम होऊच शकत नाही असं नव्हे. होतो का, ते मोजून बघायचं.

आणि इथे खरी पंचाईत सुरू होते. आजारी माणसावर औषध तपासणं त्यामानाने सोपं. ताप १०३ होता, ९९ झाला. धडधाकट माणसाचं काय मोजायचं? त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सकाळी एक असतात, संध्याकाळी दुसऱ्या. जिना चढला तर वाढतात, रात्रभर जागरण झालं तर बदलतात. ‘प्रतिकारशक्ती’ नावाचा एकच आकडा दाखवणारं यंत्र जगात नाही. शेकडो प्रकारच्या पेशी आणि रसायनं आहेत, आणि त्यातलं एखादं वाढलं म्हणजे चांगलंच झालं असंही नाही. दम्यात, सोरायसिसमध्ये, आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, नको तिथे उसळलेली असते. जाहिरातीत ‘वाढवा, वाढवा’ म्हणतात ते ऐकून एखाद्या आमवाताच्या रुग्णाला घामच फुटावा.

शिवाय आकड्यांचा एक जुना सापळा आहे. वीस निरनिराळ्या गोष्टी मोजल्या आणि प्रत्येकीत निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के धरली, तर वीसपैकी निदान एकीत तरी फरक दिसण्याची शक्यता होते सुमारे ६४ टक्के. भुकटी निव्वळ मैद्याची असली तरी. मग ती एकच गोष्ट उचलून डब्यावर छापायची, आणि उरलेल्या एकोणीस मुकाट.

हे टाळायचं कसं, याचा वस्तुपाठ मुंबईतच आहे. मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकॉकस या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याच्या ए प्रकारातली ती बहुशर्करा घेतली, धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाशी जोडली आणि आफ्रिकेसाठी लस तयार केली. नुसती साखर टोचली तर शरीर तिची फार काळ आठवण ठेवत नाही; प्रथिनाचा हात धरून आली की ठेवतं. माणसांवरची तिची पहिली चाचणी झाली ती १८ ते ३५ वयाच्या ७४ निरोगी भारतीयांवर, मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

साखर, निरोगी माणसं आणि प्रतिकारशक्ती या तिन्ही गोष्टी या चाचणीत होत्या. मग वेगळं काय होतं? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे स्वयंसेवकांचे तीन गट पाडले गेले: एकाला नवी लस, दुसऱ्याला नुसत्या बहुशर्करेची जुनी लस, तिसऱ्याला धनुर्वाताची. कोणाला काय मिळालं हे ना टोचून घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. आणि मोजायचं काय ते आधीच ठरलेलं: लस सोसते का, आणि रक्तातली प्रतिपिंडं त्या एका जंतूला मारू शकतात का, किती प्रमाणात, किती महिने. एकूण प्रतिकारशक्तीच्या गप्पा नाहीत. एक जंतू, एक साखर, एक मोजमाप.

त्याचं फळ पुढे दिसलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये या लसीची मोठी मोहीम सुरू झाली, मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत होती, आणि आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाल्यावर ए प्रकारचा मेंदूज्वर जवळजवळ दिसेनासा झाला. पुण्यातली साखर, मुंबईतले ७४ लोक आणि सहाराच्या काठावरची गावं यांना जोडणारी ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही, हे एक कोडंच आहे.

डब्यातल्या साखरांची परीक्षा अशी कडक कधी झाली का? काही जणांनी प्रामाणिक प्रयत्न केले. लार्चच्या अरॅबिनोगॅलॅक्टनची एक चाचणी २०१०ची. अमेरिकेतल्या ४५ निरोगी प्रौढांना रोज साडेचार ग्रॅम भुकटी किंवा तसंच दिसणारं काहीतरी ७२ दिवस दिलं, आणि मध्येच सगळ्यांना न्यूमोनियाची लस टोचली. कल्पना हुशारीची: प्रतिकारशक्तीला एक ठरावीक काम द्यायचं आणि ती ते कसं करते ते पाहायचं. सात प्रकारची प्रतिपिंडं मोजली. दोन प्रकारांत भुकटीवाले पुढे, बाकीत नाही. लाळेतली प्रतिपिंडं, पांढऱ्या पेशी यांत फरक नाही.

जर्मनीतली २०१३ची चाचणी मोठी, १९९ लोकांची, बारा आठवड्यांची. सर्दी किती वेळा झाली ते विचारायचं. भुकटी घेणाऱ्यांत सर्दीचे प्रसंग सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरले. डब्यावर छापायला आकडा झकास. पण त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे: ज्यांना सर्दी झालीच, त्यांच्यात सुरुवातीचा त्रास भुकटीवाल्यांना जास्त जाणवला. ही ओळ कुठल्या डब्यावर छापलेली कुणी पाहिली असेल असं वाटत नाही.

अशा चाचण्यांत तुलनेसाठी देतात ती खोटी पुडी बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनची असते. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मक्याच्या वगैरे स्टार्चचे बारीक तुकडे. म्हणजे पुन्हा साखरच. एका साखरेची दुसरीशी लढत, आणि पंचाच्या डोळ्यांवर पट्टी.

गुळवेलीकडे परत यायला हवं, कारण तिच्यावरचं काम आपल्याच शहरांत झालं आहे. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांनी १९८०च्या दशकापासून आयुर्वेदिक वनस्पतींना आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासलं. डहाणूकरांना मराठी वाचक झाडाफुलांवरच्या त्यांच्या लेखनामुळेही ओळखतो. आधी उंदरांच्या पोटात जंतुसंसर्ग घडवून गुळवेल त्यांना वाचवते का ते पाहिलं. मग माणसांकडे वळले, पण निरोगी माणसांकडे नाही. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेले ३० रुग्ण घेतले. अशा रुग्णांत जंतू गिळून मारायची पांढऱ्या पेशींची ताकद घटलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतर पुष्कळजण जंतुदोषाने दगावतात. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत गुळवेल. १९९३ मध्ये छापलेला निकाल असा: शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, गुळवेलीच्या गटात ९२.४ टक्के.

आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे, आणि चाचणी लहान आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. पण या निकालाचं बोट धरून ‘म्हणून रोज सकाळी गुळवेल घ्या’ म्हणणाऱ्याने मधली एक पायरी गाळलेली असते. त्या रुग्णांची ताकद खाली गेलेली होती, ती वर आली. जी खाली गेलेलीच नाही तिचं काय होतं, याबद्दल ही चाचणी अवाक्षर काढत नाही.

तिकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतलं नेमकं कोणतं द्रव्य पेशींना जागं करतं ते शोधलं गेलं. १९९९ मध्ये जी. जे. चिंतलवार, के. बी. सैनिस आणि सहकाऱ्यांनी वेलीच्या खोडातून एक अरॅबिनोगॅलॅक्टन वेगळं काढल्याचं जाहीर केलं. हो, लार्चच्या डब्यात असतं त्याच कुळातलं. त्याला त्यांनी ‘जी१-४ए’ असं नाव दिलं. जिवाणूच्या विषाने उंदीर मरतात. आधी हे द्रव्य दिलेले उंदीर तगले, हे २००७ मध्ये दाखवलं. तेव्हा साखरेचं नि प्रतिकारशक्तीचं नातं कडुनिंबावरच्या वेलीतही आहे. फक्त ते परळीच्या किंवा पाटोद्याच्या निरोगी माणसापर्यंत अजून कुणी आणून दाखवलेलं नाही.

दरम्यान लोक थांबले नव्हतेच. २०२० साली गुळवेलीचा काढा, रस, गोळ्या यांवर अख्खा देश तुटून पडला. परळीच्या वैद्यनाथाच्या पिंडीत समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी लपवले होते, अशी कथा ज्या जिल्ह्यात लहानपणापासून ऐकायला मिळते, तिथे वनस्पतीवर श्रद्धा बसायला वेळ लागत नाही. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यांनी हे छापलं तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलं ते नेमकं काय होतं याची तपासणीच झालेली नाही, ती दुसरीच वेल असू शकेल. आक्षेपात तथ्य होतं. गुळवेलीची एक सख्खी बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा; पानं सारखीच बदामी, खोडावर गाठी मात्र जास्त, आणि ती यकृताला बाधते असे दाखले आहेत. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद छापली. त्यातल्या अनेकांत स्वतःच्याच यकृतावर प्रतिकारशक्ती उलटल्याची लक्षणं होती. ज्यांच्यात ही प्रवृत्ती आधीच दबा धरून होती, त्यांच्यात तिला डिवचलं गेलं असावं, असा डॉक्टरांचा कयास आहे. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा खरा असेल, तर तो अशा माणसाच्या मुळावर येतो. वाद मिटलेला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. पूरक आहारासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१६चे नियम आहेत. त्यांनुसार डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. छापलेलं असतं, बारकोडाच्या आसपास, मुंगीच्या पायांच्या अक्षरात. साखळी विक्रीसाठी डिसेंबर २०२१ पासून वेगळे नियम आले. पण ओसरीवर बसून मावशीने मावशीला जे सांगितलं, ते कुठल्या निरीक्षकाच्या वहीत येणार?

समजा, कुणी खरंच ठरवलं की गुळवेलीच्या साखरेची चाचणी बीडमध्येच घ्यायची. जागा आहे: अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आधी नैतिकता समितीची परवानगी. मग पहिला माणूस घेण्याआधी देशाच्या चाचणी-नोंदणीत नाव घालायचं. २००९ पासून ते सक्तीचं आहे, म्हणजे निकाल पाहून उद्दिष्ट बदलायची सोय राहत नाही. मराठीत संमतिपत्र, वाचून दाखवायचं.

किती माणसं लागतील? बारा आठवड्यांत साध्या पुडीवाल्यांपैकी शंभरात पन्नासजणांना सर्दी होते असं धरू, आणि गुळवेलीने ती ३७-३८ वर येईल अशी आशा करू. फरक खरा असला तर तो पाचातल्या चार वेळा तरी पकडता यावा, यासाठी गणित सांगतं सुमारे पाचशे माणसं. अमेरिकेतले ४५ आणि जर्मनीतले १९९ लोक यापुढे किती तोकडे पडतात ते बघा.

खोटी पुडी कशाची? पांढरं सत्त्व असेल तर प्रश्न नाही, मक्याचा स्टार्च बेमालूम खपेल. पण काढा तपासायचा तर पंचाईत, कारण गुळवेलीचा कडूपणा लहान पोरगंही ओळखतं. तितकंच कडू, पण निरुपद्रवी काहीतरी शोधावं लागेल. नाहीतर आपल्याला खरं औषध मिळालंय हे पहिल्या घोटालाच कळतं, आणि कळलं की निम्मी सर्दी तिथेच बरी होते.

मग निरोगी माणूस शोधायचा. चाचणीच्या अटींत हिमोग्लोबिन पुरेसं हवं, वजन बेताचं हवं, गरोदर नको, पंधरा दिवसांत ताप नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तपासणीच्या दारातच निम्म्या बाया परत पाठवाव्या लागणार. ज्यांची प्रतिकारशक्ती खरोखर खालावलेली असू शकते त्याच नेमक्या बाहेर. आणि निकाल लागला की डबा विकला जाणार त्यांनाच.

सुरुवात कधी करायची? सर्दी-तापाचा मोसम म्हणजे पावसाळ्याचा शेवट आणि थंडी. सप्टेंबरात पाचशे नावं जमली तर बारा आठवडे डिसेंबरपर्यंत जातात. आणि मध्ये येतो दसरा, दिवाळी. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी, पोरं, शेळी नि चूल घालून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे निघतात. घरी राहतात म्हाताऱ्या आणि कुलपं. बाराव्या आठवड्याचं रक्त काढायला चाचणीचा माणूस नळीचा डबा बर्फात घालून शिरूर कासारला पोहोचेल, तेव्हा त्याचा स्वयंसेवक तीनशे किलोमीटरवर कुठल्यातरी फडात पहाटे चारला मोळ्या बांधत असेल. सर्दीची नोंदवही त्याच्या कोपीत असेल, चुलीजवळच्या पिशवीत, आणि तिच्यातले पहिले चार आठवडे व्यवस्थित भरलेले.